पडद्याची जाडी

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं, "तुम्ही कधी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय का?" ती म्हणाली, "हो." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "घरात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दुपारच्या गाडीनं आम्ही कोल्हापूरला परत आलो.

गाडी हातकणंगल्याला थांबली तेव्हा ती खिडकीतून फलाटाकडे बघत होती. तिचे वडील या स्टेशनात तिकिटं द्यायचे. कॉलेजात असताना ती रोज इथूनच कोल्हापूरची गाडी धरायची. वडील सुटीच्या दिवशीही तिला सोडायला फलाटावर यायचे, असं तिनं मला लग्नानंतर सांगितलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, ती वडिलांबद्दल काही बोलेल. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "सासूबाईंचा दमा दमा नव्हता."

पुढे रुकडी गेली, मग कोल्हापूर आलं.

माझी आई त्याआधी काही वर्षं खोकून खोकून गेली होती. तिला दमा होता असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं आणि स्वतःही तेच धरून चाललो होतो. बायकोचा खोकला सुरू झाला, छातीत पाणी झालं, तेव्हा कोल्हापुरात क्षयाची औषधं सुरू झाली. त्या काळी छातीतलं पाणी म्हणजे क्षय, असंच बहुतेक ठिकाणी धरत. औषधं पूर्ण झाली. पाणी पुन्हा भरलं. म्हणून आम्ही मिरजेला गेलो होतो.

हे सगळं कुठून आलं ते सांगायचं, तर तिच्या समीकरणापासून सांगावं लागेल. मी हायस्कूलात मराठी शिकवत होतो. गणिताशी माझा संबंध मॅट्रिकला संपला होता. तरी ते समीकरण मला पाठ आहे. इतकी वर्षं मी त्यातले आकडे तिला वाचून दाखवत होतो.

साठचं दशक संपत आलं होतं. ती पदार्थविज्ञानात एम. एस्सी. होऊन विद्यापीठाच्या विभागात संशोधन करत होती. विषय होता हायड्रोजनवर चालणारा विजेचा घट. दोन निकेलच्या पट्ट्या, त्यांना बारीक छिद्रं. मध्ये एक पडदा, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात भिजवलेला. एका पट्टीच्या मागून हायड्रोजन सोडायचा, दुसरीच्या मागून ऑक्सिजन. पट्ट्यांना तारा जोडल्या की वीज मिळते आणि घटात पाणी तयार होतं. ज्योत नाही, धूर नाही, आवाज नाही. मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी विचारलं होतं, "चालू आहे का हे?" ती हसली होती.

कागदावरच्या हिशेबानं अशा घटानं सव्वा व्होल्टच्या आसपास दाब द्यायला हवा. तो कधीच मिळत नाही, आणि वीज ओढायला लागलं की आणखी पडतो. किती ओढली तर किती पडला, याचा आलेख काढला की एक उतरता वक्र मिळतो. सुरुवातीला तो झपकन खाली येतो. मग बराच वेळ सरळ रेषेत, हळूहळू उतरतो. आणि शेवटी एका जागी असा कोसळतो की पुढे कागदच संपतो. तिनं मला समजावलं होतं ते असं. पहिला उतार रासायनिक क्रिया सुरू करायला लागणाऱ्या जोराचा. मधला सरळ उतार पडद्याचा, कारण प्रवाहाला पडदा ओलांडताना अडथळा होतो. आणि शेवटचा कडा वायूचा. जितका मागाल तितका वायू पट्टीपर्यंत पोचत नाही, आणि घट गुदमरतो. गुदमरतो हा शब्द तिचाच.

विभागातले बाकीचे लोक घट बांधत आणि मग मोजत. तिला उलट जायचं होतं. एकाच वक्रातून ही तीन कारणं वेगवेगळी काढायची, प्रत्येकासाठी एक पद लिहायचं, आणि घट बांधण्याआधीच सांगायचं की हा इतका दाब देईल. तिचे मार्गदर्शक सर चांगले होते, पण त्यांना हे पटत नव्हतं.

"बाई, आधी घट नीट चालवा. समीकरण कुठं पळून जात नाही."

"नीट म्हणजे काय, हे समीकरणाशिवाय कसं कळणार, सर?"

"तुमच्या घरी कसं चालतं हो सगळं?" सर माझ्याकडे वळून म्हणाले होते. मी कशासाठी तरी तिथं गेलो होतो. "स्वयंपाकाच्या आधीसुद्धा समीकरण मांडतात का?"

"मांडते की," ती म्हणाली. "म्हणून तर मीठ बरोबर पडतं."

आकडेमोड करायचं यंत्र विभागात एकच होतं, दांडा फिरवायचं, आणि ते नेहमी दुसऱ्याच कुणाकडे असे. म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक उघडलं जाई. मी खिडकीशी बसायचो, कारण उजेड तिथं होता. ती जमिनीवर कागद पसरून बसायची. ती संख्या सांगायची, मी कोष्टकात बघून तिचा लॉग वाचायचो, ती लिहायची. वर्गात कविता वाचून घशाला सवय होती, त्यामुळे मला थकायला होत नसे. एकदा मी शेवटचा आकडा जरा सोपा करून वाचला. तिनं पेन्सिल थांबवली.

"कोष्टकात काय आहे?"

"सात. मी आठ म्हणालो. एकाचाच फरक आहे."

"जे आहे तेच वाचा. तुमच्या मनातलं नको."

रागावली नव्हती, पण त्यानंतर मी मनातलं कधी वाचलं नाही.

मधल्या सरळ उताराशी येऊन तिचं काम अडलं. पडद्याच्या जाडीचा अडथळ्याशी नेमका संबंध काय, हे तिला समीकरणात लिहायचं होतं. पडदा अ‍ॅस्बेस्टॉसचा असे, कारण पोटॅश खाऊन टाकणार नाही असं दुसरं काही तेव्हा हाताशी नव्हतं. विभागात होते ते परदेशी तक्ते जाड आणि एकाच मापाचे. पातळ हवे तर परवाना, अर्ज आणि वाट बघणं. एका जाडीवरून रेषा काढता येत नाही. रेषेला बिंदू लागतात.

एक दिवस ती उद्यमनगरातून जाड पांढऱ्या दोरीची गुंडाळी घेऊन आली. ओतकामाच्या भट्टीच्या दाराला, धग बाहेर येऊ नये म्हणून, अशी दोरी लावत. तिथले लोक ती उघड्या हातानं हाताळत. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्राखाली ठेवायच्या जाळीवरचा पांढरा गोल त्याचाच असे. त्या दोरीकडे कुणी घाबरून बघावं असं काहीच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. निदान आमच्या गावात तरी.

आई दारातच बसली होती. ती गडमुडशिंगीची, शेतकऱ्याच्या घरातली. शहरात येऊन तिला तीस वर्षं होऊन गेली होती, पण बोलणं गावचंच राहिलं होतं.

"हे काय आणलंयास गं? दावं हाय व्हय?"

"दावं नाही, आई. दगडाचा कापूस आहे."

"दगडाला कापूस? कोण म्हंतंय?"

"खाणीत निघतो. जळत नाही."

आईनं दोरीचा एक पदर उलगडून बोटांत चोळला. "मऊ हाय की. सरकी न्हाई, कचरा न्हाई." मग काडी ओढून तो पदर ज्योतीत धरला. तो लाल झाला, काडी विझली, पदर पुन्हा पांढरा. "अगं बया!" आई म्हणाली. "मरत न्हाई ह्यो."

आई वाती करण्यात तरबेज होती. लाख वातींचा नेम तिनं दोनदा पुरा केला होता. पेठेतल्या बायका तिच्याकडून वाती घेऊन जात. कापूस कसा पिंजावा, बोटांत किती धरावा म्हणजे सगळीकडे सारखा ओढला जातो, हे तिला बघावंही लागत नसे. दोरीचे तंतू सुटे करायला सुनेनं तिची मदत मागितली, आणि आईनं तिथंच पाय पसरले.

त्यांनी पडदा तयार केला तो असा. दोरी उलगडून तंतू हातानं पिंजायचे, अगदी म्हातारीच्या केसांसारखे होईपर्यंत. मग पाण्यात भिजवून पाट्यावर वरवंट्यानं वाटायचे. लाकडी चौकटीला मलमल ताणून तिच्यावर तो लगदा ओतायचा, पाणी गळू द्यायचं. वर दुसरी मलमल घालून पाट्याखाली दाबायचं, आणि गच्चीवर वाळवायचं. भिजवल्यावर काही उडत नसे. उडत असे ते पिंजताना. दुपारी दारातून उन्हाची तिरीप आत यायची, तिच्यात बारीक कण तरंगताना दिसायचे. आई एकदा काम थांबवून बघत राहिली. म्हणाली, "बघ की, चांदी उडतीया."

काम झालं की आई उठून दारात लुगड्याचा पदर झटकायची. मग चहा.

गच्चीवर आमच्या उडदाच्या पापडांशेजारीच ते पडदे वाळत. शेजारच्या बाईंनी कठड्यावरून विचारलं, "कसले हो पापड?" आई म्हणाली, "दगडाचं. खाऊन बघा की, दात ऱ्हायलं तर सांगा."

पहिला पडदा घटात बसवला त्याची गोष्ट तिनं मला अनेकदा सांगितली. सरांनी आलेख उचलून उजेडात धरला, मग तिच्याकडे बघितलं.

"अडथळा इतका कमी? तारा नीट जोडल्यात ना?"

"नीट आहेत."

"पडदा कुणी केला?"

"सासूबाईंनी, सर."

विभाग हसला. सरही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला पुढचे पडदे कधी होतील म्हणून विचारलं. परदेशी तक्त्यापेक्षा आमच्या घरचा पडदा पातळ होता आणि सगळीकडे सारखा होता. आईच्या बोटांना सारखेपणाची सवय होती, त्यामुळे कुठं जाड, कुठं विरळ असं होत नव्हतं.

आता गणिताला जे हवं होतं ते मिळण्याची सोय झाली. पडदा पातळ केला की अडथळा कमी, पण फार पातळ झाला तर हायड्रोजन पलीकडे झिरपतो आणि घटाचा दाब मुळातच उतरतो. म्हणजे मध्ये कुठंतरी एक योग्य जाडी असणार. समीकरण ती सांगत होतं. खरी आहे का ते बघायला वेगवेगळ्या जाडीचे पडदे हवे होते, आणि एकेका जाडीचे दोन-तीन, म्हणजे चूक हाताची की निसर्गाची ते कळेल. आलेखावरच्या एका बिंदूसाठी एक पडदा. एका पडद्यासाठी दोघींची एक दुपार. रविवारी मीही त्यांच्याजवळ बसून दोरी उलगडायला हातभार लावायचो. असे दोन हिवाळे गेले.

ते हिवाळे आनंदाचे होते. हे लिहिताना मला थांबावं लागलं, पण खोटं लिहायचं नाही. आई आणि ती, एरवी एका घरात असूनही फारसं न बोलणाऱ्या दोघी, त्या दुपारी एकमेकींशी बोलल्या. आईनं तिला माहेरच्या म्हशींची, विहिरीची, भावांच्या भांडणांची हकीकत सांगितली. तिनं आईला वक्र समजावला. आईला तो कळला असं मला आजही वाटतं. एकदा ती म्हणाली होती, "म्हंजे बैलासारखंच की. पयला जोर लागतोय, मग चालतंय, आन् लई वढलं की बसतंय." सून हसली नाही. म्हणाली, "हो आई, तसंच."

माणूस चंद्रावर उतरला तेव्हा ती आईला म्हणाली की त्या यानातही असलेच घट होते, वीजही त्यांचीच आणि प्यायचं पाणीही त्यातलंच. आईनं हातातला पदर पिंजून संपवला. मग म्हणाली, "त्येंच्या पडद्याला कुणाची सासू हुती?"

त्या वर्षीच्या नवरात्रात आईनं दोरीतलाच एक पदर घेऊन वळला आणि नंदादीपात घातला. घट बसले की नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. एरवी वात जळत जाते, काजळते, पुढं सारावी लागते, बदलावी लागते, आणि त्या गडबडीत दिवा जाईल म्हणून आईचा जीव टांगणीला असे. वाढत्या वयात तिला ते झेपतही नव्हतं. ही वात जळली नाही. तेल तेवढं घालत राहायचं. दसऱ्याला आईनं ती काढून धुतली आणि पुढच्या वर्षासाठी ठेवली. पुढं दर वर्षी तीच.

एका संध्याकाळी ती विभागातून आली ती जिना धावत चढून आली. मी दार उघडलं तर तिच्या हातात आलेखाचा कागद होता, गुंडाळी करायचंही तिला सुचलं नव्हतं. सगळे बिंदू तिच्या रेषेच्या जवळ होते. एक तर नेमका रेषेवर. "हा सासूबाईंचा," ती म्हणाली. कुठला पडदा कुणी दाबला होता तेही तिच्या लक्षात होतं. आईला बोलावून तिनं तो बिंदू दाखवला. आईनं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "येवढुसा?"

तिला पदवी मिळाली. प्रबंधाच्या आभारांत तिनं सासूबाईंविषयी एक वाक्य लिहिलं होतं, ते सरांनी काढायला लावलं. "प्रबंधात स्वयंपाकघर नको, बाई. लोक हसतील." पडदे हातानं तयार केले, एवढं राहिलं. मग ती मुलींच्या कॉलेजात शिकवू लागली. विभागात दुसरे विषय आले, हायड्रोजनची टाकी बंद पडली, घट कपाटात गेला. आम्हाला मूल झालं नाही. आई म्हातारी झाली, खोकू लागली, आणि गेली. संध्याकाळी आम्ही दोघं वाचत बसायचो. ती पुष्कळदा माझी पुस्तकं वाचायची, मी तिची वाचू शकत नव्हतो.

मिरजेहून आल्यावर पहिल्यांदा तिनं देवघरातली ती वात चिमट्यानं काढली. माळ्यावर उरलेली दोरी होती, दोन पडदेही होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. तिनं मला तोंडाला ओला पंचा बांधायला लावला आणि ते सगळं पत्र्याच्या एका डब्यात घालून घेतलं. स्वतः दाराबाहेर उभी राहून ती सांगत होती, हळू, झटकू नका, हळू. मग म्हणाली, "खरं तर तुम्ही बाहेर आणि मी आत असायला हवं होतं. मला आता काय व्हायचंय." पण तिला स्टुलावर चढवत नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं ते असं की, हे तंतू फुप्फुसाच्या आत गेले की तिथंच राहतात. विरघळत नाहीत, शरीराला ते संपवता येत नाहीत. वीस-वीस वर्षं काही कळत नाही. तिनं विचारलं होतं, "आता पुढं किती?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे." तिला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं नव्हतं. ज्याला पुरेसे बिंदू नाहीत त्यानं रेषा काढू नये, हे तिचंच मत होतं.

पुढे ती फार झपाट्यानं खालावली. आधी जिना अर्ध्यावर थांबून चढायची, मग जिनाच सुटला. मग मोरीपर्यंत जाऊन येणं. छातीतलं पाणी काढलं की चार दिवस बरं वाटे. मी शाळेतून रजा घेतली. एकदा मी तिला उशीला टेकवून बसवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मधला उतार संपला." ती काय म्हणत होती ते कळण्याइतकं गणित मला येत होतं.

पण तिला घोर लागला होता तो स्वतःचा नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनी "घरात" ऐकल्यावर माझ्याकडे बघितलं होतं, ते तिनं पाहिलं होतं. माझ्या छातीचा फोटो काढून आणा, म्हणून ती मागं लागली. मी टाळत होतो. तिला एकटं सोडून जायचं म्हणून, आणि दुसऱ्या कारणासाठीही. शेवटी तिची बहीण दोन दिवस येऊन राहिली तेव्हा जाऊन काढून आलो. फोटो स्वच्छ होता. तिनं तो स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, अगदी सर आलेख धरायचे तसा. मग म्हणाली, "आत्ता स्वच्छ आहे. माझाही होता."

त्या दिवशी दुपारी तिनं पेन्सिल मागितली. फोटोच्या पिवळ्या पाकिटाच्या मागच्या बाजूला तिनं आमची खोली काढली. दार, खिडकी, पाटा होता ती जागा. आईची जागा, तिची जागा. श्वास घेऊन घेऊन बोलत होती.

"तुम्ही खिडकीपाशी बसायचा ना?"

"हो."

"वारा खिडकीतून आत यायचा."

"नदीकडून. हो."

"म्हणजे जे उडायचं ते दाराकडे जायचं. तुमच्यापासून लांब."

"हो."

"नेहमी खिडकीपाशीच बसायचा?"

ती माझ्याकडे बघत होती. रविवारच्या त्या दुपारी मी कुठं बसायचो हे तिला माहीत होतं. माझ्या मांडीवर दोरीची गुंडाळी असायची आणि दुसरं टोक तिच्या हातात असायचं. कुठला पडदा कुणी दाबला ते जिला वीस वर्षांनी आठवत होतं, तिला हे आठवत नव्हतं असं होणं शक्य नव्हतं.

"नेहमी," मी म्हणालो. "उजेड तिथंच होता."

तिनं पेन्सिल थांबवली नाही. खिडकीपाशी एक बिंदू काढला, त्याच्यासमोर अंतराचं अक्षर लिहिलं, आणि खाली एक समीकरण मांडायला घेतलं. कण किती उडतात, वारा किती नेतो, अंतर वाढलं की किती उरतात. दोन ओळी झाल्यावर तिचा हात दुखला. पाकीट तिनं मांडीवर ठेवलं.

"बरोबर आलं?" मी विचारलं.

"मांडणी बरोबर आहे. आकडे नाहीत. मोजलेलं काहीच नाही."

"मग?"

"एकच मोजमाप होऊ शकतं. तुम्ही. दर वर्षी फोटो काढत जा." मग थोड्या वेळानं, "काढाल ना?"

"काढीन."

"जे येईल तेच बघा. मनातलं नको."

ती पावसाळा संपता संपता गेली. शेवटचे दिवस ती बसूनच होती, आडवं होता येत नव्हतं. मी तिच्या पाठीशी बसलो होतो. तिला जे झालं ते कुणामुळे झालं असं मी कुणाला सांगत नाही. लोक विचारतात, मी छातीचा आजार म्हणतो. तिच्या बहिणीनं एकदा मला म्हटलं, "तुमच्या आईंनी तरी तो नाद करायला नको होता." मी तिला सांगितलं की आईनं सुनेसाठी पडदे केले, आणि ते चांगले झाले. त्यानंतर ती तसं बोलली नाही.

पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला मी झाळ मारून घेतली. तो माळ्यावरच आहे. टाकायचा तर कुठं, हे मला सांगणारं कुणी भेटलेलं नाही. उद्यमनगरात ती दोरी अजून मिळते. मी एकदा तिथल्या एका दुकानदाराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "गुरुजी, आमचा आज्जा हेच विकत हुता की. नव्वद वर्सं जगला." मी परत आलो.

तिचा प्रबंध फडताळात आहे. त्यातली मधली रेषा आणि तिच्यावरचे बिंदू मी अधूनमधून बघतो. कुठले आईचे, कुठले तिचे, आता सांगणारं कुणी नाही, एका बिंदूखेरीज. पिवळं पाकीट प्रबंधातच ठेवलं आहे. छातीचा फोटो मी दर वर्षी काढतो. आतापर्यंतचे सगळे स्वच्छ आहेत.

देवघरात आता कापसाची वात असते. ती जळून संपली की मी दुसरी लावतो.